नेपल्सचे दहा तास आणि साडूंचे गणित

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

"सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी (वय ६७, बँकेतून निवृत्त), माझी पत्नी, तिची धाकटी बहीण आणि माझे साडू, भूमध्य समुद्रातील सात रात्रींच्या क्रूझवर निघत आहोत. एका गुरुवारी सकाळी आठला आमची बोट नेपल्सला लागते आणि संध्याकाळी सहाला सुटते. साडेपाचच्या आत बोटीवर परतायचे आहे. शाळेत असताना पॉम्पेईबद्दल वाचले तेव्हापासून ते एकदा पाहावे असे माझ्या मनात आहे. साडूंचे म्हणणे असे की, एवढे पैसे खर्चून आणि दहा तास हाताशी असताना एकच ठिकाण पाहणे हा वेडेपणा आहे. बोटीवरून पॉम्पेई, सोरेंतो आणि अमाल्फीचा किनारा अशी एकत्र सहल मिळते, ती घ्यावी. नाहीतर आपणच सकाळी काप्री बेट आणि दुपारी पॉम्पेई करावे. पत्नीचे गुडघे दुखतात, घाटात तिला गाडी लागते. ती म्हणते, मला कुठेतरी समुद्राकडे बघत निवांत बसू द्या. आम्ही दोघे शाकाहारी आहोत. साडूंना दुखवायचे नाही आणि बोटही चुकवायची नाही. काय करावे?" – एक वाचक, सांगली

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातले 'दहा तास' हे शब्द मी आधी दुरुस्त करते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला आहे. बोट आठला धक्क्याला लागली म्हणजे आठला आपण रस्त्यावर असतो असे नाही. बंदराचे सोपस्कार होतात, शिडी लागते, बोटीच्या सहलींचे गट बहुधा आधी उतरवले जातात आणि हजारो प्रवाशांच्या रांगेतून आपला नंबर लागेपर्यंत साडेआठ-पावणेनऊ सहज वाजतात. परतीची शेवटची वेळ साडेपाच असली, तरी साठीच्या पुढच्या चौघांनी साडेचारपर्यंत धक्क्यावर असावे असे माझे स्पष्ट मत आहे. दुपारच्या जेवणाचा एक तास त्यातून वजा केला की खऱ्या अर्थाने उरतात ते सात तास. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला ठोक आणि निव्वळ रकमेतला फरक मी समजावून सांगायची गरज नाही. साडूंना मात्र तो कागदावर मांडून दाखवावा.

तासाभराची ही जादा सोय कशासाठी, असे ते विचारतील. काही वर्षांपूर्वी इटलीच्याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका थांब्यावर आमची आगगाडी दोन स्थानकांच्या मधे चाळीस मिनिटे उभी राहिली. काय झाले हे डब्यात कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही धक्क्यावर धापा टाकत पोहोचलो तेव्हा शिडी उचलायला बारा मिनिटे बाकी होती, आणि त्या दिवशी जे पाहिले त्यातले मला आज काहीही आठवत नाही, आठवतात ती फक्त घड्याळाकडे पाहण्यात गेलेली ती चाळीस मिनिटे. आपण स्वतंत्रपणे फिरायला गेलात आणि उशीर झाला, तर बोट थांबत नाही; पुढचे बंदर आपल्या खर्चाने गाठावे लागते. बोटीमार्फत घेतलेल्या सहलीची बस अडकली तर बोट तिच्यासाठी थांबते किंवा त्या प्रवाशांची पुढची व्यवस्था करते. बोटीच्या सहलींना मोजाव्या लागणाऱ्या जास्तीच्या पैशांतला मोठा वाटा या हमीचा असतो, आणि लांबच्या ठिकाणी जायचे असेल तर ती हमी विकत घेण्यासारखी आहेच.

तरीही साडूंनी सुचवलेली तिहेरी सहल आपण घेऊ नये असे मला वाटते. अमाल्फीचा किनारा अतिशय सुंदर आहे यात वाद नाही, पण तो म्हणजे डोंगराच्या कडेला कोरलेला अरुंद, सतत वळणारा रस्ता आहे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला समुद्राचा खडा उतार, आणि दोन मोठ्या बसगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरकावे लागते. नेपल्सहून अमाल्फी गावापर्यंत अंतर सत्तर किलोमीटरच्या आतबाहेर असले, तरी वाहतूक सुरळीत असताना दीड ते दोन तास लागतात, आणि सप्टेंबरमध्ये पर्यटकांची वर्दळ ओसरलेली नसते. अशा सहलीत दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ बसच्या खिडकीतून जातो. पॉम्पेईला सव्वा-दीड तास, सोरेंतोला दुकानांपुरता वेळ आणि अमाल्फीला छायाचित्रांपुरता, असे त्याचे स्वरूप असते. आपल्या पत्नीला आपला आंबा घाट उतरतानाच त्रास होत असेल, तर हा रस्ता त्यांना दिवसभर पुरेल. ज्याला अमाल्फी पाहायचे आहे त्याने सोरेंतोला किंवा सालेर्नोला दोन रात्री मुक्काम करावा आणि समुद्रमार्गाने फेरीबोटीतून जावे. तो किनारा पाण्यावरूनच सर्वांत चांगला दिसतो.

काप्रीचा विचार मात्र मी इतक्या चटकन बाजूला ठेवणार नाही, कारण ते आपल्या पत्नीच्या इच्छेच्या अगदी जवळ आहे. नेपल्सला क्रूझ जिथे लागते त्या इमारतीला स्तात्सिओने मारित्तिमा म्हणतात, आणि तिच्या शेजारीच मोलो बेव्हेरेल्लो हा धक्का आहे, जिथून काप्रीच्या वेगवान बोटी सुटतात. साधारण पन्नास मिनिटांत बेटावरचे मारिना ग्रांदे बंदर येते, तिथून रुळांवरून चढणारी फ्युनिक्युलर गाडी वरच्या गावात नेते आणि थोडे चालल्यावर ऑगस्टसच्या बागेतून समुद्रात उभे असलेले फाराल्योनी सुळके दिसतात. रोमन सम्राट टायबेरियस आपल्या आयुष्याची शेवटची दहा वर्षे राजधानी सोडून या बेटावर राहिला, यावरून जागेची कल्पना यावी. अडचण समुद्राची आहे. वारा वाढला की आधी रद्द होतात त्या या वेगवान बोटीच, आणि सकाळी शांत असलेले पाणी दुपारी तसेच राहील याची खात्री कोणी देत नाही. आपली मोठी बोट मुख्य भूमीवर आणि आपण बेटावर, अशी वेळ कोणावरही येऊ नये. ज्या निळ्या गुहेसाठी बहुतेक लोक काप्रीला जातात तिचे तोंड तर इतके बुटके आहे की नावेत आडवे पडून आत शिरावे लागते, आणि लाटा थोड्या जरी उसळल्या तरी ती बंद ठेवतात. तेव्हा काप्रीला जायचे असेल तर दिवसभरात फक्त काप्री, आणि परतीची बोट दुपारी दोनच्या आतली. सकाळी काप्री आणि दुपारी पॉम्पेई हा बेत कागदावर बसतो, पण प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणच्या तिकिटांच्या रांगा पाहून परत येण्यापलीकडे त्यातून फारसे काही हाती लागत नाही.

राहिले पॉम्पेई. मी आपल्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण केवळ आपण पत्र लिहिलेत हे नाही. जे पाहावे म्हणून माणसाने पन्नास वर्षे मनात जपले आहे, ते तासाभराच्या अंतरावर असताना न पाहता परत फिरणे ही गोष्ट पुढे सलत राहते. न पाहिलेले अमाल्फी साडूंना तितके सलणार नाही, कारण क्रूझचे माहितीपत्रक हाती येईपर्यंत ते त्यांच्या मनात नव्हतेच, असा माझा अंदाज आहे.

इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि हे गाव राखेखाली व दगडी फेसाखाली गाडले गेले, हे आपण शाळेतच वाचले आहे. त्या वेळी पुस्तकात बहुधा २४ ऑगस्ट ही तारीख असेल. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला, ऑक्टोबरमधली तारीख असलेला मजकूर सापडला, आणि तेव्हापासून हा उद्रेक ऑक्टोबरमध्ये झाला असावा हे मत बळावले आहे. गावाचे क्षेत्र सुमारे ६६ हेक्टर आहे, त्यातले दोनतृतीयांश आजवर उकरून झाले आहे, आणि एवढे सगळे तीन तासांत पाहता येणार नाही, हे मनाशी आधीच पक्के करावे. पोर्ता मारिना या दरवाजाने आत जावे. चढ संपला की डाव्या हाताला फोरम, म्हणजे गावाचा मुख्य चौक लागतो आणि त्याच्या मागे व्हेसूव्हियस उभा दिसतो. तिथून व्हिया देल्ल'आबोंदान्त्सा हा मुख्य रस्ता धरावा. याच्या दुतर्फा स्नानगृहे, भट्ट्या आणि चौकाचौकांतली ती उपाहारगृहे आहेत, ज्यांच्या दगडी ओट्यात रांजणांची तोंडे बसवलेली आहेत. भट्टीच्या आवारात लाव्हाच्या दगडाची जाती उभी आहेत. ती आपल्या घरातल्या जात्यासारखी बसकी नसून डमरूच्या आकाराची, माणसाने किंवा गाढवाने फिरवायची आहेत. रस्त्यात चाकोऱ्या इतक्या खोल गेल्या आहेत की 'चाकोरी' हा शब्द तिथे पायाने वाचता येतो. रस्ता ओलांडण्यासाठी ठेवलेले उंच दगड आणि त्यांच्यामधून गाडीची चाके जाण्यासाठी सोडलेल्या फटी पाहिल्या, की हे गाव उत्खननाचे स्थळ न वाटता नगरपालिका असलेले गाव वाटू लागते. वेत्ती बंधूंचे घर बरीच वर्षे दुरुस्तीसाठी बंद होते, ते जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले आहे. रंगवलेल्या भिंती पाहायला एकच घर निवडायचे असेल तर हेच निवडावे. राखेत उरलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून माणसांचे शेवटच्या क्षणीचे आकार मिळवण्याची पद्धत जुझेप्पे फिओरेल्ली यांनी १८६३ मध्ये वापरली. ते ठसे पाहायचे की नाही हे आपापल्या मनाला विचारून ठरवावे. सगळ्यांना ते सोसतात असे नाही.

याच आबोंदान्त्सा रस्त्यावर एक घर आहे ज्याला 'भारतीय मूर्तीचे घर' असे नाव पडले आहे. १९३८ मध्ये तिथे सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली: अंगभर दागिने, केसांची भरगच्च वेणी, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणू लागले, तरी ती यक्षी असावी असे बरेच अभ्यासक मानतात. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे सातवाहनकाळातल्या भोगवर्धनला, उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि म्हणून ती आपल्याकडच्याच कारागिराच्या हातची असावी असाही एक तर्क आहे. व्यापार उलट दिशेनेही चालत होताच. आपण सांगलीचे आहात तेव्हा कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात गेला असालच. तिथली ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती ही रोमन जगातून आपल्याकडे आलेली आहे. गेला नसाल तर निघण्याआधी एका रविवारी जाऊन यावे. कोल्हापुरात त्यांचा समुद्रदेव आणि नेपल्समध्ये आपली यक्षी, अशी ही अदलाबदल पाहून मग पॉम्पेईच्या त्या रस्त्यावर उभे राहण्यात वेगळी गंमत आहे. भारतीय मालापायी साम्राज्यातून दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) बाहेर जातात अशी तक्रार थोरला प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. तोच प्लिनी नेपल्सच्या उपसागरात आरमारप्रमुख होता आणि याच उद्रेकात, लोकांच्या सुटकेसाठी जहाजे घेऊन निघालेला असताना, मरण पावला.

ही मूर्ती मात्र आपल्याला पॉम्पेईत दिसणार नाही. ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आणि तिथेही 'गुप्त दालन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागात ठेवली आहे, जिथे पॉम्पेईत सापडलेली शृंगारिक चित्रे आणि शिल्पे एकत्र केली आहेत. मेहुणी आणि साडू यांच्यासमवेत त्या दालनात शिरण्याचा प्रसंग थोडा अवघड आहे, हे मी मान्य करते. दोघादोघांनी वेगवेगळे जावे आणि बाहेर आल्यावर त्याविषयी चर्चा करू नये, एवढाच उपाय मला सुचतो. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते, आपला दिवस गुरुवार आहे, त्यामुळे ती अडचण नाही. पॉम्पेईतली उत्तमोत्तम मोझेक आणि भित्तिचित्रे केव्हाच इथे हलवली गेली आहेत. आपण पॉम्पेईत जे पाहतो ते घर असते आणि घरातले सामान इथे असते. म्हणूनच पाऊस असेल किंवा रेल्वेचा संप असेल (इटलीत संप बहुधा आधी जाहीर करून होतात, आदल्या रात्री बोटीवरच्या माहिती कक्षात चौकशी करावी), तर पॉम्पेई सोडून द्यावे आणि सबंध सकाळ या संग्रहालयात घालवावी. बंदरासमोरच्या म्युनिचीपियो स्थानकावरून मेट्रोच्या पहिल्या मार्गाने तिसरे स्थानक 'म्युझेओ'.

आता जाण्यायेण्याचे पाहू. स्वस्त मार्ग असा: म्युनिचीपियोहून मेट्रोने गारिबाल्दी, आणि तिथून चिर्कुमवेझुव्हियाना या उपनगरी रेल्वेने पॉम्पेई. गाडी सोरेंतोला जाणारीच पकडावी आणि 'पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी' या स्थानकावर उतरावे. पॉम्पेई नावाची आणखीही स्थानके आहेत आणि ती उत्खननाच्या मुख्य दरवाजापासून लांब पडतात. प्रवास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, गाडी मुंबईच्या लोकलची आठवण करून देणारी, बसायला जागा मिळण्याची शाश्वती नाही आणि खिसेकापूंचा सुळसुळाट आहे. चौघे असाल तर मी टॅक्सीचा पर्याय सुचवेन. नेपल्सच्या टॅक्सींना ठरावीक ठिकाणांसाठी नगरपालिकेने ठरवून दिलेले दर आहेत, पण ते हवेत असे प्रवाशाने गाडीत बसतानाच सांगावे लागते, नाहीतर मीटर चालू होतो. 'तारिफा प्रेदेतेर्मिनाता' हे दोन शब्द पाठ करून जावे. चौघांत भागले की ते पैसे जड वाटणार नाहीत. बोटीमार्फत मिळणारी केवळ पॉम्पेईची अर्ध्या दिवसाची सहल हाही चांगला पर्याय आहे, आणि वेळेची धास्ती आपल्या स्वभावात मुरलेली असेल (पत्रावरून तसे वाटते), तर तीच घ्यावी.

स्वतंत्रपणे जाणार असाल तर तिकीट मात्र इथूनच काढून ठेवावे. नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला २०,००० प्रवाशांची मर्यादा आहे आणि तिकिटावर प्रत्येकाचे नाव असते, म्हणून पासपोर्टवर जसे आहे तसेच नाव भरावे आणि ओळखपत्र बरोबर ठेवावे. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. सावली जवळजवळ नाही. टोपी हवी, पाण्याची रिकामी बाटली हवी, ती आतल्या नळांवर भरता येते. स्वच्छतागृहे प्रवेशद्वारांपाशी आहेत, मधल्या भागात ती शोधत फिरण्याची वेळ येऊ नये म्हणून आत शिरण्यापूर्वीच सोय पाहून घ्यावी. आपल्या वयाच्या मंडळींना ही सूचना क्षुल्लक वाटणार नाही.

या सगळ्यात आपल्या पत्नीचे काय? पॉम्पेईचे रस्ते म्हणजे बसाल्टच्या ओबडधोबड, मधे मधे गुळगुळीत झालेल्या मोठ्या शिळा आहेत, आणि दुखऱ्या गुडघ्यांना त्यावरून तीन तास चालवणे हा अन्याय होईल. आंफितेआत्रोच्या (गोल प्रेक्षागाराच्या) दरवाजाकडून सुरू होणारा, चाकाच्या खुर्चीलाही चालेल असा सुमारे साडेतीन किलोमीटरचा मार्ग तिथे आखलेला आहे, पण त्यांना मुळात पॉम्पेई पाहायचेच नसेल तर तो दाखवून काय उपयोग? त्या जे मागत आहेत ते नेपल्समध्ये बोटीपासून दहा मिनिटांवर आहे. धक्क्यातून बाहेर पडल्यावर समोरच कास्तेल नुओव्हो हा किल्ला, पुढे १७३७ मध्ये सुरू झालेले सान कार्लो नाट्यगृह, त्याच्यासमोर काचेच्या उंच छताखालची गाल्लेरिया उंबेर्तो ही बाजारपेठ आणि मग प्लेबिशितोचा विस्तीर्ण चौक. तिथून थोडा उतार उतरले की समुद्राकाठचा रस्ता लागतो, बसायला कट्टे आणि उपाहारगृहे आहेत आणि उपसागराच्या पलीकडे व्हेसूव्हियस दिसत राहतो. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते, टेबलावर बसून घेतली तर महाग. त्यांनी खुशाल महाग प्यावी.

म्हणजे माझे म्हणणे असे की, आपण चौघांनी चिकटून फिरलेच पाहिजे असा नियम कोणी केलेला नाही. आपल्या मेहुणींना काय पाहायचे आहे हे आपल्या पत्रात कुठेच आलेले नाही. साडूंचे मत तेच त्यांचे मत असे गृहीत धरले गेले असेल, तर एकदा त्यांना थेट विचारावे. दोघी बहिणींना एक सकाळ नवरे बरोबर नसताना मिळाली तर ती त्यांना नको असेल असे मला वाटत नाही. आपण आणि साडूंनी पॉम्पेईला जावे, साडेबारा-एकला तिथून निघावे आणि सव्वादोनला चौघांनी प्लेबिशितोच्या चौकात भेटावे. मेहुणींनी पॉम्पेई निवडले, तर पत्नीला परक्या शहरात एकटे सोडू नये. अशा वेळी साडूंनाच नेपल्समध्ये थांबण्याची विनंती करावी, आणि त्यांना जवळचे भुयारी शहर किंवा मेट्रोचे निळ्या मोझेकने मढवलेले तोलेदो स्थानक पाहून येण्याचा मोह दाखवावा. मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: भेटण्याची जागा आणि वेळ सकाळीच ठरवून कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावी, आणि अडीचपर्यंत कोणी आले नाही तर थांबलेल्यांनी वाट न पाहता बोटीवर जावे. एकमेकांना शोधण्याच्या नादात चौघांची बोट चुकण्यापेक्षा ते बरे.

जेवणाविषयी शाकाहारी मंडळींना नेपल्सची भीती बाळगण्याचे कारण नाही. इथल्या पिझ्झाचे पीठ पाणी, मीठ आणि खमीर एवढ्यातच मळतात. 'मारिनारा' या नावामुळे समुद्रातले काही असेल असे वाटते, पण तिच्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल याखेरीज काही नसते, चीजसुद्धा नाही. मार्गेरितात मोझ्झारेल्ला असते, आणि तिथल्या बहुतेक पारंपरिक चीजमध्ये प्राण्यांपासून मिळणारे विरजण वापरतात; ज्यांना ते चालत नाही त्यांनी मारिनाराच मागवावी. 'आलिची' किंवा 'आच्चुगे' हा शब्द दिसला की मासे आहेत असे समजावे. फसगत होते ती गोडाच्या वेळी. स्फोल्यातेल्ला नावाचा पापुद्र्यांचा शंख नेपल्सची शान आहे आणि चिरोट्याची आठवण यावी इतका खुसखुशीत असतो, पण त्याचे पापुद्रे परंपरेने डुकराच्या चरबीत सुटे करतात. विचारल्याशिवाय खाऊ नये.

जेवण तीन-सव्वातीनला आटोपले आणि पायात बळ असले तर संग्रहालयाची धावती फेरी होऊ शकेल, मात्र चारला तिथून निघायचेच. साडूंना 'आणखी एक ठिकाण' मिळेल आणि आपल्याला ती यक्षी. ते गुप्त दालन त्या दिवशी उघडे आहे का हे तिकीट काढण्यापूर्वी विचारावे, नसेल तर सरळ बोटीकडे वळावे. दमला असाल तर वळण्यासाठी कारण शोधतही बसू नये.

कागदपत्रांबद्दल एक सांगायचे राहिले. किनाऱ्यावर उतरण्यासाठी भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतोच. आपली बोट मधे ट्युनिशिया, तुर्कस्तान किंवा माँटेनिग्रोसारख्या शेंगेनबाहेरच्या देशाला लागत असेल, तर तो एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. काही बोटींवर पासपोर्ट स्वागतकक्षात ठेवून घेतात. तसे असेल तर पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची छायाप्रत, बोटीचे ओळखपत्र आणि रोजच्या माहितीपत्रकावर छापलेला बंदरातल्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक, हे तिन्ही प्रत्येकाकडे वेगवेगळे असावे, एकाच्याच पाकिटात चौघांचे नको.

त्या दिवशी सकाळी सर्वांनी साडेसहालाच डेकवर जावे. त्या सुमारास सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, आणि बोट उपसागरात शिरत असताना समोर व्हेसूव्हियस असतो. आपल्या पत्नीला समुद्राकडे बघत बसायचे आहे त्यासाठी याहून चांगली जागा किनाऱ्यावर मिळणार नाही, आणि इथे जिनाही चढावा लागत नाही, लिफ्ट असते. संध्याकाळी सहाला बोट सुटेल तेव्हा सूर्य मावळायला आणखी तासभर असेल. काप्री उपसागराच्या तोंडाशीच आहे, तेव्हा ते दिसेलच. साडूंना दुर्बीण बरोबर घ्यायला सांगावी.